तू गप्प बसलास तो डाव

मल्लाण्णा,

तू गेल्याचा फोन येऊन आठवडा होत आला आणि मला अजून धड रडू आलेलं नाही. नुसती भीती वाटते. कामावर असलो तरी वाटते, जेवायला बसलो तरी वाटते. बायको म्हणते, जवळचा माणूस होता, एकदा रडून घ्या, मोकळं वाटेल. पण रडण्याआधी मला तुझ्याशी एक गोष्ट मिटवायची आहे आणि ती मिटवायला तू नाहीस. म्हणून इथं उत्तराखंडात, रुद्रपुरात, जिथं घराबाहेर पाऊल टाकलं की मराठी कानावर पडत नाही, मी कागद पुढ्यात घेऊन बसलोय. सातवीत शाळा सोडलेल्याचं लिहिणं कसं असतं ते तुला माहीत आहे. चुका काढू नकोस. आणि काढायला तोंड उघडलंस तर बरंच होईल.

मला एवढंच विचारायचंय. त्या सोमवारी कळंब्याच्या तळ्यावर, कोल्हापुरात कोण राहणार आणि इतक्या लांब कोण जाणार हे आपण दोघांनी पत्त्यांवर ठरवलं, तेव्हा तुझ्या हातात काय होतं? मी घाबरून पत्ते टाकले आणि इथं आलो. तू तिथं राहिलास आणि गेलास. तुझ्या हातात खरंच काही होतं, की तू मला फसवलंस? आणि फसवलंस तर कुणासाठी?

माझी भीती तुला नवीन नाही. शाळेत गुरुजींनी उभं करून धडा वाचायला लावला की माझा घसा बंद व्हायचा. अक्षरं दिसायची, आवाज यायचा नाही. पोरं हसायची. एक दिवस दप्तर खुंटीला अडकवलं ते परत काढलं नाही. पुढं मिळेल ते काम करत करत कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फाउंड्रीला लागलो. आई गावभर सांगत सुटली, पोरगं फाईव्ह स्टारात हाय. लोकांना वाटलं हाटेलात वेटर झालाय. तिथं कोअर शॉपमध्ये तू होतास. ओतलेलं लोखंड आतून पोकळ राहावं म्हणून त्यात बसवायचे वाळूचे गाभे करायचे, हे आपलं काम. पहिल्याच दिवशी माझ्या हातून गाभा फुटला. साहेब येतोय का बघत मी उभा राहिलो. तू ते तुकडे पायानं बाजूला सारलेस.

"तम्मा, वाळू हाय ती. फुटली तर परत हुतीया. तू असा घाबरून मेलास तर परत हुशील काय?"

तम्मा म्हणजे तुझ्या सीमेकडच्या कानडीत धाकटा भाऊ. मला थोरला भाऊ नव्हता. त्या दिवसापासून तू अण्णा.

आणि मग सोमवार आले. कारखान्याची सुट्टी सोमवारी, आणि कळंब्याच्या तळ्याकाठी आपलं रस्सा मंडळ. शिवाजी पेठेतला गजा तीन दगड मांडून मोठ्या पातेल्यात मटणाचा तांबडा रस्सा करायचा. त्यानं पळी धरली की तो कुणाचं ऐकायचा नाही. पॅटर्न शॉपमधला, लाकडाचे साचे करणारा पोपट लाकडं आणायचा आणि प्रत्येक लाकूड मापूनच चुलीत घालायचा. मी कांदे चिरायचो. आणि तू? तू लिंगायत, मटणाच्या वाऱ्यालाही उभा न राहणारा. वारा बघून उलट्या अंगाला पोतं टाकायचास आणि घरून आणलेली भाकरी, दही, शेंगदाण्याची चटणी उघडून बसायचास. गजा दर वेळी विचारायचा, "आण्णा, मग तू येतोस कशाला रं?" तू बोट करायचास, पोत्यावरच्या पत्त्यांकडं.

रस्सा शिजेपर्यंत खेळ चालायचा. प्रत्येकाला तीन पत्ते. हातात धीर असेल तर मधल्या ढिगात भाजलेल्या शेंगा टाकत राहायचं, नसेल तर पत्ते उपडे टाकून सुटायचं, म्हणजे पॅक करायचं. शेवटी दोघं उरले की एकानं शो मागायचा आणि मगच पत्ते उघडायचे. पॅक करणाऱ्यानं समोरच्याचे पत्ते बघायचे नाहीत, हा नियम तू फार कडक पाळायचास. ज्याच्या शेंगा आधी संपतील त्यानं जेवणानंतर ते मटणाचं पातेलं राखेनं घासायचं. आमच्यासाठी ते भांडं होतं. तुझ्यासाठी तो धर्म होता. तुला हरून चालतच नव्हतं. आणि पत्ते तर सगळ्यांना सारखेच वाटले जातात, म्हणून तू तोंडानं खेळायला शिकलास.

काय खेळायचास! गजाची तालीम, म्हणजे त्याच्या पेठेचा संघ, फुटबॉलात हरली की तुझा सोमवार सोन्याचा.

"गजा, काल तुमी किती गोल खाल्लं म्हणं?"

"खाल्लं न्हाईत. रेफरीनं दिलं."

"आस्सं? माजा मेव्हणा म्हणत हुता, तुमचा गोलकीपर पोलला टेकून शेंगा खात हुता."

"तुज्या मेव्हण्याला फुटबॉलातलं काय कळतंय? त्यो गूळ इकतोय!"

"गूळ इकतोय, पर दोन डोळं हायत की त्याला. जाऊ दे मर्दा, तू चाल कर."

गजाचे कान लाल झालेले. त्यानं रागात दोन मुठी शेंगा टाकल्या, परत दोन टाकल्या, आणि ओरडला, "शो! बदामचा कलर हाय, बघ!" तू वाकून बघितलंस, मान हलवलीस, आणि अगदी हळू आवाजात म्हणालास, "गजा, ह्यात ही एक चौकट हाय. गोलकीपरगत बघितलंस की." पोपट हसता हसता उलथा पडला आणि पातेलं गजानं घासलं. घासताना सगळा वेळ तो तुझ्या मेव्हण्याला शिव्या देत होता.

पहिल्यांदा मला डावात बसवलंस तेव्हा मी मान वर केली नव्हती. तू गजाला म्हणालास, "ह्यो बघ गप बसलाय. गप बसणाऱ्याचं भ्या बाळगावं." मला ते टोचलं. मी गप्प बसायचो ते घसा बंद व्हायचा म्हणून, आणि तू त्याचा बाऊ केलास असं वाटलं. माझ्या हातात एक गुलाम आणि दोन हलके पत्ते. तू माझ्याकडं वळलास. "काय हाय तम्मा?" खोटं सुचेना. मी म्हणालो, "काय न्हाई. वरचा गुलाम."

पोपटानं चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. "गुलाम म्हणतोय म्हंजे राजं असणार." आणि पॅक केलं. गजा म्हणाला, "दिसतंय गरीब, पर बेरकी हाय," आणि त्यानंही टाकले. तू हसत हसत टाकलेस. तो सगळा ढीग माझ्याकडं सरकला. अण्णा, माझ्या बोलण्याला कुणी घाबरलं अशी ती आयुष्यातली पहिली वेळ होती, आणि मी तर खरंच बोललो होतो.

परत जाताना सायकल हातात धरून तू म्हणालास, "तुला खोटं बोलाय येत न्हाई न्हवं? मग खरंच बोलत जा की. पर बोल. पत्ता कसलाबी असू दे, तोंड उघड."

इथं आल्यावर त्याच एका वाक्यानं मी जगलो. इथल्या मोठ्या साहेबानं पहिल्या दिवशी विचारलं, काय शिकलायस, लोकांना शिकवशील का? माझा घसा बंद व्हायला लागला. तुझा आवाज आला, तोंड उघड. मी म्हणालो, साहब, सातवी. हिंदी भी नहीं आती. लेकिन गाभा नहीं फूटेगा. तो हसला आणि त्यानं मला कोअर शॉपची किल्ली दिली. ही नोकरी, हे घर, पोराची शाळा, सगळं त्या वरच्या गुलामावर उभं आहे. हे तुला फोनवर कधी सांगितलं नाही. फोनवर आपण भांडत होतो.

त्या भांडणाकडं येतोच. पण त्याआधी एक. मी तुझं एक गुपित पकडलं होतं.

तू सारखा बोलायचास, पण कधी कधी मध्येच थांबायचास. पावसाच्या सरीसारखं बोलणं अचानक तुटायचं. मग तू एक शेंग उचलायचास, फोडायचास, दाणे पोत्यावर ठेवायचास, खायचा नाहीस. दुसरी उचलायचास. कितीतरी सोमवार बघितल्यावर माझ्या ध्यानात आलं: तू बोलत असलास म्हणजे हातात काही नाही. तू गप्प बसून शेंगा सोलायला लागलास म्हणजे हातात काहीतरी जबरदस्त आहे. मी गजाला सांगितलं नाही, पोपटालाही नाही. दुसऱ्याला माहीत नसलेलं असं काही माझ्याजवळ पहिल्यांदाच होतं. तू गप्प झालास की मी पॅक करायचो. आणि तू म्हणायचास, "तम्मा येळंत उटतोय बघ. शाणा हाय."

तू मला शहाणा म्हणायचास तेव्हा तुझे डोळे कुठं असायचे, ते मी बघितलं नाही. आता त्याचीही भीती वाटते.

मग कोअर शॉप हलवायचं ठरलं. साहेबानं आपल्या दोघांना बोलावून घेतलं. सगळं काम उत्तरेतल्या नव्या कारखान्यात जाणार, तिथल्या लोकांना शिकवायला आपल्यातला एक जण जाणार, दुसऱ्यानं इथंच फेटलिंगला लागायचं. फेटलिंग म्हणजे थंड झालेल्या मालावरची वाळू झटकायची आणि कडा घासून काढायच्या. साहेब म्हणाला, "तुमचं तुम्ही ठरवा आणि मला मंगळवारी सांगा."

दोघांनाही राहायचं होतं. तुझ्याकडं कारणं होती. घरी आई अंथरुणाला, दोन म्हशी, पोरगी शाळेत. माझ्याकडं कारण नव्हतं, फक्त भीती होती. मी मिरजेच्या पलीकडं गेलो नव्हतो. तिथली भाषा, थंडी, रेल्वे, तिथं कुणीतरी उभं करून काहीतरी वाचायला लावेल, असलं सगळं डोक्यात. फेटलिंगमधले जुने लोक खोकायचे हे आपण दोघंही रोज बघत होतो. पण खोकला त्यांचा होता. आपण तोंडाला फडकं बांधू, असं म्हणून मी तो विषय मनातून काढून टाकला होता. तू काढला होतास का?

सोमवारी तळ्यावर तू म्हणालास, "पत्त्यावर ठरवू." आणि नियमही तूच घातलास. जिंकेल तो राहील. जो पॅक करील तो वर्षभरासाठी जाईल, वर्षानं दुसरा जाऊन त्याला सोडवील. पण शोपर्यंत गेला आणि हरला, तर कायमचा जाईल.

अण्णा, हा नियम भित्र्या माणसासाठीच केलेला होता. हे कळायला मला इतकी वर्षं लागली.

गजानं पळी पातेल्यावर ठेवली आणि तो येऊन बसला. पोपटानं पत्ते वाटले. मी माझे उचलले. बदामचा राजा, बदामची नव्वी, बदामची चव्वी. तिन्ही बदाम, म्हणजे कलर, आणि वर राजा. आणि तू बोलायला लागलास.

"तम्मा, तिकडं बरफ पडतंय म्हणं. आंगुळीला पाणी ठिवलं तर बादलीतच दगड हुतोय."

गजा म्हणाला, "तिकडं रस्सा बी न्हाई. डाळीत साकर घालत्यात."

"त्यो गुजरात, येड्या," पोपट म्हणाला.

"कुटं का असंना, रस्सा न्हाई त्ये न्हाईच की!"

तू चालूच होतास. तिकडच्या बायका उंच असतात, तम्माला शिडी लागंल. तिकडं हाक मारायला तम्मा म्हणणारं कोण हाय. मी शेंगा टाकत होतो, आणि आतून खूष होतो. तू बोलतोयस म्हणजे तुझा हात रिकामा. मी राहणार. मूठभर टाकल्या, परत मूठभर टाकल्या. तूही टाकल्यास.

आणि मग तू गप्प बसलास.

वाक्य अर्ध्यावर सोडलंस. एक शेंग उचललीस, फोडलीस, दाणे पोत्यावर ठेवलेस. दुसरी उचललीस. तळ्यावरून वारा येत होता, रस्सा रटरटत होता, आणि तुझ्या अंगठ्याखाली टरफल फुटल्याचा आवाज तेवढा येत होता. गजाला राहवेना. "आण्णा, मेलास व्हय? बोल की!" तू मान वर केली नाहीस.

मी माझ्या राजाकडं बघितलं. तो बारका दिसायला लागला. शो मागितला आणि हरलो तर कायमचा. टाकले तर वर्षाचा प्रश्न. तुझ्या बोटांकडं बघितलं. ती सोलत होती. माझं गुपित, माझं एकट्याचं गुपित, मला ओरडून सांगत होतं की ऊठ.

मी पत्ते उपडे टाकले.

तू माझे न बघता उचललेस, तुझ्या पत्त्यांसकट गड्डीत घुसवलेस आणि पिसायला लागलास. मी विचारलं, "अण्णा, काय होतं तुझ्याकडं?" तू म्हणालास, "पॅक करणाऱ्यानं इच्यारायचं नसतंय. होगली बिडु." जाऊ दे म्हणायचं असलं की तू कानडीत जायचास. मग ते सोललेले दाणे ओंजळीत गोळा केलेस आणि माझ्या खिशात ओतलेस. "वाटंत खा."

मी ते खाल्ले नाहीत. रागानं दिल्लीच्या फलाटावर चिमण्यांना टाकले.

वर्ष झाल्यावर मी फोन केला. "अण्णा, तुझी पाळी." तू म्हणालास, "आरं, म्हस गाभण हाय. एवढी येऊ दे." म्हैस व्यायली. मग पोरीची परीक्षा. मग आई गेली, तिचं सगळं उरकायचं. मग गुडघा. तुझ्या तोंडाची सर पडतच राहिली आणि मी इकडं रिसीव्हर कानाला धरून ती ऐकत राहिलो. एकदा ओरडलो, "तू मला घालवलंस! पत्त्यात घालवलंस, आता बोलण्यात घालवतोयस!" तू म्हणालास, "जेवलास काय?" मी फोन आपटला. बूथवाला माझ्याकडं बघत राहिला.

पुढं लग्न झालं, पोरगा झाला, तो इथल्या शाळेत जायला लागला. मी विचारणं सोडलं. तेव्हा तूच म्हणालास, "का रं, आता इच्यारत न्हाईस?"

"आता विचारून काय करू? हितं घर झालंय."

"मग झालं तर." आणि तू खोकलास. बराच वेळ.

"काय झालं अण्णा?"

"शेंगदाणा अडाकला," तू म्हणालास.

गेल्या सुट्टीत आलो तेव्हा तुला बघून मी घाबरलो, आणि घाबरलोय हे दिसू नये म्हणून जास्त बोललो. सदरा तुझ्या अंगावर नव्हता, खुंटीवर टांगल्यासारखा होता. तरी सोमवारी तळ्यावर आलासच. चुलीचा धूर तुला सोसेना, म्हणून गजानं न सांगता चूलच लांब नेली. आपण बसलो. तू गजाला डिवचायला सुरुवात केलीस, "गजा, यंदा तुमच्या तालमीनं..." आणि श्वास संपला. तू थांबलास. मी सवयीनं तुझ्या हाताकडं बघितलं. शेंग नव्हती. तू पुन्हा बोललास, "...गोलकीपर बदलला..." पुन्हा थांबलास. अण्णा, मला कळेना, कुठलं थांबणं पत्त्यांचं आणि कुठलं छातीचं. इतकी वर्षं जे एक मला वाचता येत होतं, तेही वाचता येईना. शाळेत उभा राहिल्यासारखं झालं.

त्या दिवशी तुझ्या शेंगा आधी संपल्या. पोपट चष्मा पुसत बसला. तू जमिनीवर हात टेकून उठायला लागलास. "हरलोय न्हवं मी? आण ते पातेलं."

गजा ताडकन उठला. "कोण म्हणतंय हरला? मी पत्तं उलटं धरलेलं. माजीच पाळी हाय!"

"गजा, खोटं बोलाय तुला येत न्हाई."

"येतंय! तूच शिकवलंस की!" आणि ते एवढं मोठं पातेलं काखेत मारून तो पाण्याकडं पळत सुटला, तुझ्यापासून पळाल्यासारखा. आपण हसलो. तुला हसताना धाप लागली.

तेव्हा विचारायचं होतं. आपण दोघंच पोत्यावर होतो. शब्द ओठावर आले. तू माझ्याकडं बघत होतास, जणू मी विचारायची वाट बघत होतास. मी म्हणालो, "वारा सुटलाय, शाल घे."

मग गेल्या आठवड्यात गजाचा फोन. त्याला नीट बोलता येत नव्हतं. गजाला! त्यानं फोन वैनींकडं दिला. वैनी रडल्या नाहीत, दमलेल्या होत्या. म्हणाल्या, "भावजी, तुमची लई आठवण काढायचे. म्हणायचे, तम्माची छाती बारकी. त्यो त्या धुळीत टिकला नसता."

मी विचारलं, "कधी म्हणायचे वैनी? आजारी पडल्यावर, का आधीपासनं?"

मग त्या म्हणाल्या, "आता कवा म्हणून सांगू भावजी? लई येळा म्हणायचे."

तेव्हापासून ही भीती आहे. आजारी पडल्यावर म्हणाला असशील, तर ते दुखणाऱ्या माणसाचं बोलणं. तुझ्या हातात त्या दिवशी मोठे पत्ते आले, तुला जे हवं होतं ते तू सरळ जिंकलास, आणि जिंकलेलं तुझ्या छातीवर बसलं. मग आपल्या दोघांत फरक एवढाच, की पोपटानं तुला ते तीन पत्ते वाटले आणि मला हे तीन. याची मला भीती वाटते. पण आधीपासून म्हणत असशील, तर तुझ्या हातात काहीच नव्हतं. मी तुझं गुपित पकडलंय हे तुला ठाऊक होतं, आणि तू ते माझ्यावर चालवलंस. मला घाबरवून जिवंत ठेवलंस आणि वर माझ्या शिव्या खाल्ल्यास, जेवलास काय म्हणत. याची मला जास्त भीती वाटते. एवढं मोठं देणं मी कुठं ठेवू? सकाळी उठलो की मी आधी एक लांब श्वास घेऊन बघतो. तो आत जातो. जाताना दर वेळी तू आठवतोस.

आणि तूही माणूसच होतास. म्हशीसाठी, पोरीसाठी, घरासाठी फसवलं असशील. तसं असलं तरी माझी तक्रार नाही. वरच्या गुलामाची शपथ.

गजानं दुसऱ्या दिवशी परत फोन केला. मी पोचू शकत नव्हतो, म्हणून त्याला सगळं सांगायचं होतं. म्हणाला, "आपल्यासारकं निजवून जाळत न्हाईत त्यांच्यात. बसवून पुरत्यात. मांडी घालून बसवलं रे आण्णाला. गळ्यातलं इष्टलिंग काडून डाव्या तळहातावर ठिवलं. पत्त्याला बसायचा तस्सा दिसत हुता बघ." मग थांबून म्हणाला, "फकस्त गप."

तू पत्ते डाव्या हातातच धरायचास.

मी तिकीट काढलंय. येतोय. तुझ्या गावच्या त्या मळ्यात, जिथं तुला बसवलंय, तिथं पोतं टाकून समोर मांडी घालणार. आधी माझे पत्ते उघडे करणार, जे तू न बघता गड्डीत घुसवलेस. बदामचा राजा, नव्वी, चव्वी. हे तुला इतकी वर्षं सांगितलं नव्हतं. तुझे दाखव असं म्हणणार नाही. पॅक करणाऱ्यानं विचारायचं नसतं, तो नियम मीही पाळीन.

तू गप्प असशील. हातात काहीतरी असेल. मला नेहमीसारखी ऊठ, ऊठ अशी भीती वाटेल. उठणार नाही. खिशातनं शेंगा काढीन आणि एक एक सोलून दाणे पोत्यावर ठेवीन. खाणार नाही. गजा येणारच आहे माझ्याबरोबर, त्याला काही शांत बसवत नाही. थोड्या वेळानं तो मागून ओरडेल, "मेलास व्हय तू बी? बोल की!"

मी मान वर करणार नाही.